शनिवारचा पगार मंगळवारी संपतो

सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं : धाकटी बहीण विड्या वळायची, नवऱ्यासोबत शिंदी प्यायची, कधी हातभट्टीही. पोटुशी असतानाही ते थांबलं नाही. मुलगा झाला तो पावणेदोन किलोचा. तो सहा वर्षांचा असताना बहीण गेली आणि ताईंनीच त्याला वाढवलं. आता तो २३ वर्षांचा आहे. नववीत शाळा सुटली. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आठवड्याला २,६०० रुपयांवर आहे. शनिवारी पगार होतो, मंगळवारी खिसा रिकामा. मालकाकडून १५,००० ची उचल घेतली आहे, मोबाइलवरच्या अ‍ॅपचं ८,००० चं कर्ज आहे आणि एका मित्राला पतसंस्थेत जामीन राहिला आहे. अ‍ॅपवाले आता नातेवाइकांना फोन करून शिव्या घालतात. ताई विचारतात : "मारून पाहिलं, शपथा घालून पाहिल्या. पगार मीच काढून घेऊ का? लग्न लावून दिलं तर सुधारेल का? आणि हे माझ्या बहिणीच्या पिण्यामुळे झालंय का?"

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याचं उत्तर कळलं की बाकीच्या दोन प्रश्नांकडे बघण्याची नजरच बदलते.

नुसत्या पत्रावरून निदान करता येत नाही आणि आम्ही करणारही नाही. पण तुम्ही जे लिहिलं आहे ते सगळं एका ओळखीच्या चित्रात बसतं. आईने घेतलेली दारू वारेतून सरळ बाळाच्या रक्तात उतरते, आणि ती पचवण्याएवढं बाळाचं यकृत तयार नसतं. शिंदी झाडाची असली तरी आंबली की तीही दारूच. गरोदरपणात एवढी चालते असं कुठलंही प्रमाण वैद्यकशास्त्राला माहीत नाही. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या डॉक्टरांनी १९७३ मध्ये या त्रासाला पहिल्यांदा 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम', म्हणजे गर्भातल्या दारूचा विकार, असं नाव दिलं. त्यात बारीक डोळे, पातळ वरचा ओठ, नाकाखालची सपाट झालेली खाच अशा खुणा सांगितल्या होत्या. पण बहुतेकांच्या चेहऱ्यावर यातलं काहीच दिसत नाही, म्हणून ही मुलं वर्षानुवर्षं 'आळशी' आणि 'उधळी' या नावांखाली वाढतात. तंबाखूचाही भाग आहे. विडी वळताना निकोटीन कातडीतून आणि श्वासातून अंगात जातं, मिश्रीतून तर जातंच, आणि त्याने बाळाचं वजन घटतं. कशाने किती बिघडलं हे आज वेगळं काढता येणार नाही. तुमच्या बहिणीला त्या नऊ महिन्यांत हे कुणी सांगितलं होतं का, हाही प्रश्न स्वतःला विचारा. दोष शोधण्यात घालवलेली ताकद भाच्याच्या कामी येत नाही.

दारूने मेंदूचा जो भाग जास्त दुखावतो तो मन आवरण्याचा, पुढचं योजण्याचा, वेळ आणि पैशाचा अंदाज बांधण्याचा. बुद्ध्यांक ठीकठाक असूनही हे जमत नाही, इथेच लोक फसतात. सिअ‍ॅटलच्याच गटाने १९९६ मध्ये अशा मुलांच्या मोठेपणाचा जो अहवाल दिला त्यात पैसे सांभाळायला दुसऱ्याची मदत लागणारे प्रौढ फार मोठ्या संख्येने होते.

तुमचा भाचा बोलायला चुणचुणीत आहे असं तुम्ही लिहिलंय. अशी मुलं जेवढं बोलतात तेवढं समजून घेत नाहीत. "कळलं का?" विचारलं की "हो हो" म्हणतात, कारण नाही म्हटल्यावर ओरडा बसतो हे पाठ झालेलं असतं. म्हणून कळलं का हे विचारू नका, करून दाखवायला सांगा. पैसे कुठे गेले विचारल्यावर तो दर वेळी वेगळी गोष्ट सांगतो, ती बहुतेक वेळा लबाडी नसते. आठवणीत पडलेलं भोक तो हाताला लागेल त्याने बुजवतो. आणि एका चुकीचा फटका बसूनही पुढच्या शनिवारी तीच चूक होते, कारण मागच्या फटक्याची आठवण ऐन वेळी हजर राहत नाही. मारण्याचा उपयोग झाला नाही तो यामुळे. आता ते थांबवा. त्याने नुकसानच होतं : पुढच्या वेळी तो कर्ज घेईल तेव्हा आधी तुमच्यापासून लपवेल.

म्हणून आमचं सांगणं एकच आहे. त्याला हिशेब शिकवण्यावर भर देऊ नका, पैसा त्याच्यापर्यंत पोचण्याची वाट बदला. आणि ही सोय तो 'शिकेपर्यंत' नसते, कायमची असते. ज्याला चष्मा लागला त्याचा चष्मा महिन्याभराने कोणी काढून घेत नाही.

पगार तुम्ही काढून घ्यावा का? नाही. तो २३ वर्षांचा आहे, पैसा त्याचा आहे आणि ओढून घेतलात तर तो उद्या मालकाला सांगून दुपारीच रोख उचलेल. पण त्याच्या राजीने मधे एक खातं घालायचं. बँकेत त्याचं आणि तुमचं संयुक्त खातं उघडा. फॉर्मवर व्यवहार कसा होणार ही ओळ असते, तिथे 'दोघांपैकी कोणीही' लिहू नका, 'दोघांच्या सहीने' लिहा. एटीएम कार्ड नको, यूपीआय नको. 'कोणीही' लिहिलं तर एखादा मित्र त्याला रविवारी एटीएमपर्यंत चालवत नेईल आणि खातं मोकळं होईल. दुसरी खबरदारी : ज्या बँकेत तुमच्या नावाचं थकलेलं कर्ज आहे तिथे हे खातं नको. त्याच्या घामाचा पैसा तुमच्या कर्जापायी अडकण्याचा धोका नको.

मालकाला पगार या खात्यात टाकायला सांगा. टॉवेलवाल्यांकडे अजूनही बऱ्याच ठिकाणी रोख वाटप होतं. तसं असेल तर शनिवारी सुट्टीच्या वेळी तुम्ही किंवा घरातलं कोणी कारखान्याच्या फाटकाशी हजर राहा आणि पाकीट घेऊन दोघे मिळून घरी या. फाटक ते घर हाच सगळ्यात धोक्याचा रस्ता आहे.

आता २,६०० ची वाटणी. तुमच्या पत्रातल्या खर्चावरून आम्ही ती अशी मांडली आहे. ३५० मालकाने उचलीपोटी कापायचे. त्या वेगाने १५,००० साधारण ४३ आठवड्यांत फिटतात. खात्यात २,२५० येतील. बँकेत 'स्टँडिंग इन्स्ट्रक्शन'चा फॉर्म दोघांच्या सहीने भरून दर सोमवारी १,८५० तुमच्या साध्या खात्यात वळते करा : त्यातले १,२०० घरात, ४९० त्याचा हातखर्च, १६० मोबाइल रिचार्ज आणि किरकोळ. ४०० कोणी हात न लावता मागे राहतात. बचत 'उरली तर करू' यावर सोडली की ती कधीच होत नाही, म्हणून ती अशी आपोआप उरू द्यायची.

हातखर्च आठवड्याचा एकदम देऊ नका. सात दिवस हा काळ त्याच्या डोक्यात नीट उभा राहत नाही, 'आज' उभा राहतो. ४९० म्हणजे रोज ७०. सकाळी डबा हातात देताना ५० ची एक आणि दहाच्या दोन नोटा द्या. शंभराची नोट देऊन "तीस परत आण" म्हणू नका, तिथेच गाडी अडते. कपाटाच्या दाराला आतून एक जाड कागद चिकटवा, त्यावर तीनच ओळी : येण्याजाण्याचे ३०, चहा २०, संध्याकाळचं खाणं २०. रक्कम आकड्यात आणि शेजारी नोटेचं चित्र. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर ओळी त्याच भाषेत लिहा. ७० सुद्धा सकाळी दहालाच संपत असतील तर दोन भाग करा, सकाळी ४० आणि घरी आल्यावर ३०.

पहिले दोन-तीन आठवडे कठीण जातील. तो चिडेल, "मी काय लहान आहे का" म्हणेल. उद्याचे ७० आज मागेल. ते देऊ नका, एकदा दिले की रोजची मर्यादा उरतच नाही. पण पायी यायची वेळ येऊ नये म्हणून मोबाइलच्या कव्हरमागे ५० ची एक जादा नोट ठेवा आणि ती मोडली तर न ओरडता दुसरी ठेवा. मित्र पैसे मागायला येतील. त्याला 'नाही' म्हणता येत नाही, म्हणून त्याच्या तोंडी एक तयार वाक्य द्या : "पैसे खात्यात आहेत, मावशीची सही लागते." हे खरंही आहे. रोज जेवताना दोन-तीनदा म्हणून घ्या.

एका वहीत आलेले आणि गेलेले पैसे लिहा आणि दर शनिवारी पासबुकासोबत त्याला दाखवा. ही वही त्याच्यासाठी आहे तशी तुमच्यासाठीही आहे. उद्या एखादा नातेवाईक "मावशीने पोराचा पगार खाल्ला" म्हणाला तर ती तुमच्या हातात असेल.

सगळं सुरळीत चालायला लागलं आणि त्याला दुकानात मोबाइलने पैसे द्यायची हौस असेल तर यूपीआय सर्कल नावाची सोय २०२४ पासून आहे. तुमच्या यूपीआयला त्याला जोडायचं. त्याने दुकानात कोड स्कॅन केला की विनंती तुमच्या फोनवर येते, तुम्ही पिन टाकलात तरच पैसे जातात. दुसऱ्या प्रकारात तो स्वतः महिन्याला १५,००० पर्यंत खर्चू शकतो, तो प्रकार घेऊ नका. तुमच्याकडे स्मार्टफोन नसेल तर हे सगळं सोडून द्या, रोजच्या नोटा पुरेशा आहेत.

आता अंगावर आलेली देणी. आधी अ‍ॅपचं कर्ज, कारण त्रास त्याचा जास्त आहे. एक संदेशही पुसू नका, शिव्यांचे संदेश आणि फोनच्या यादीचे स्क्रीनशॉट काढा. मग कर्ज देणारी मूळ कंपनी कोणती ते शोधा. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली असेल तर व्याज, शुल्क आणि हप्ते लिहिलेला 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद तिने दिलेला असायला हवा. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, नातेवाइकांना धमकावता तर कधीच येत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करून हप्ते बांधून मागा. तुमच्या ४०० च्या बचतीतून ८,००० वीस आठवड्यांत निघतात, तेवढंच लिहा, जास्त कबूल करू नका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार होते, चौकशीसाठी १४४४८. पैसे भरायचे ते कंपनीच्या खात्यात. एजंटने पाठवलेल्या कोडवर भरलेला पैसा पुष्कळदा कर्जात जमा होतच नाही. कंपनीचं नावच सापडत नसेल तर ती फसवणूक समजा, १९३० वर फोन करा, सायबर पोलिसांकडे तक्रार द्या आणि आणखी एक रुपयाही पाठवू नका. कुठलीही स्थिती असो, अ‍ॅपला दिलेल्या फोटो आणि संपर्कांच्या परवानग्या आजच काढा, यूपीआयमधल्या 'ऑटोपे'च्या यादीत काही चालू असेल तर बंद करा.

हे फेडायला गल्लीतल्या बिनपरवाना सावकाराकडे जाऊ नका. २०१४ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने तसं व्याजाने पैसे देणं गुन्हा आहे, आणि परवानाधारकालाही मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे होते.

जामिनाचं प्रकरण मात्र हलक्यात घेऊ नका. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, पतसंस्था आधी त्याच्याकडेही येऊ शकते. पतसंस्थेत जाऊन थकबाकी किती आणि मित्राने शेवटचा हप्ता कधी भरला याचा उतारा लेखी मागा. सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ ची नोटीस निबंधक कार्यालयातून आली तर त्या तारखेला हजर राहायचंच. न गेल्यास वसुली दाखला निघतो आणि पगारावरही जप्ती येऊ शकते. वकिलासाठी पैसे नकोत : सोलापूरच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्री म्हणून तुम्हाला मोफत वकील मिळतो, दिव्यांग प्रमाणपत्र मिळाल्यावर त्यालाही. फोन १५१००.

तुम्हाला माहीत नसलेली आणखी देणी असू शकतात. पॅन कार्डावर प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून, म्हणजे सिबिलसारख्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडून, वर्षातून एक अहवाल फुकट मिळतो, तो काढा. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर त्याच्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. आणि त्याला शांतपणे एवढं विचारा : "तुझं खातं किंवा एटीएम कोणाला वापरायला दिलं आहेस का?" हजार-दोन हजारांच्या आमिषाने अशा मुलांची खाती सायबर चोर भाड्याने घेतात. चोरीचा पैसा त्यातून फिरतो, आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. दिलं असेल तर त्याच दिवशी बँकेत लेखी कळवून खातं बंद करा.

तपासणीसाठी त्याला सिव्हिलला, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाच्या मनोविकार विभागात न्या. "पैसे उडवतो" एवढंच सांगितलंत तर समजूत घालून परत पाठवतील. एका कागदावर लिहून न्या : आई गरोदरपणात काय आणि साधारण कोणत्या महिन्यांपर्यंत प्यायची, जन्माचं वजन, चालायला-बोलायला कधी लागला, शाळेचे दाखले, आणि रोजच्या जगण्यात न जमणाऱ्या दहा गोष्टी, प्रत्येकीचं एक उदाहरण देऊन. बुद्ध्यांकासोबत रोजच्या व्यवहारातली क्षमता मोजणारी व्हीएसएमएस चाचणी करा म्हणून आवर्जून सांगा. नुसता बुद्ध्यांक बरा आला तर खरी अडचण कागदावर येतच नाही. कान आणि डोळेही तपासून घ्या, गर्भातल्या दारूने तिथेही दोष राहतात आणि न ऐकू आलेलं 'न ऐकणं' समजलं जातं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात गर्भातल्या दारूचा विकार या नावाने वेगळा नाही. प्रमाणपत्र मिळायचं तर ते बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता किंवा मानसिक आजार यांपैकी एका दारातून मिळतं. त्यासोबत यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, निघतं. ४० टक्के किंवा जास्त आलं आणि उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करता येतो. चाळीसच्या खाली आलं तरी डॉक्टरांचा लेखी अहवाल जपून ठेवा. पतसंस्थेशी, मालकाशी, न्यायालयात बोलताना तो कामी येतो. कायदेशीर पालकत्वाची घाई मात्र करू नका. त्याने त्याचे निर्णयाचे हक्क आटतात. दोन सह्यांच्या खात्याने भागतंय तोवर तेच बरं.

कामावर एकदा सुपरवायझरशी बोला, त्याच्यासमोर आणि त्याला विचारून. आजाराचं नाव सांगायची गरज नाही. तीन मागण्या करा. एका वेळी एकच काम सांगा. रोज तीच जागा आणि तेच काम द्या, टॉवेलच्या घड्या घालून डझनाचे गठ्ठे बांधण्यासारखं मोजता येणारं. आणि शक्यतो दिवसपाळी द्या, कारण झोप बिघडली की त्याचं मन आवरणं आणखी सुटतं. मालकाला चौथी विनंती : मावशी सोबत असल्याशिवाय नवी उचल देऊ नका. राहिलेली उचल पगाराच्या कार्डावर लिहून घ्या. यंत्राजवळ काम आहे म्हणून वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमाही खात्यावरून चालू करा. मेअखेरीस हप्ता आपोआप कापला जातो, तेवढी शिल्लक ठेवा.

तो स्वतः पितो का हे तुम्ही लिहिलेलं नाही. अशा मुलांना व्यसन लवकर जडतं, तेव्हा विचारा. व्यसनासाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हे दोन्ही मोफत आहेत, दुसरा तुमच्यासाठीही.

लग्नाने हे सुधारत नाही. आज जो भार तुम्ही उचलता तो एका अनोळखी मुलीच्या अंगावर जाईल, तिला न सांगता. देणी फिटली, वर्षभर ही व्यवस्था टिकली आणि त्याला स्वतःला लग्न करावंसं वाटलं तर मुलीला आणि तिच्या घरच्यांना सगळं आधी सांगून करा. पैशाची व्यवस्था तेव्हाही हीच राहील, दुसरी सही कदाचित तिची असेल. तोवर घरातलं आणखी एक विश्वासाचं माणूस या वहीत आणि या खात्यात तयार करा. तुमचं वय तुम्ही ५४ लिहिलं आहे, आणि त्याला ही सोबत तुमच्यानंतरही लागणार आहे.

हे उत्तर त्याला वाचून दाखवा, पण एका बैठकीत नको. या आठवड्यात फक्त ७० रुपयांचा भाग वाचा आणि कपाटाचा कागद त्याच्याकडूनच लिहून घ्या. बँकेचं पुढच्या आठवड्यात.